पांढरा दगड कोरडा असताना

मी, जिला सगळे ‘पाणीताई’ म्हणतात ती, वय ४४, धंदा शेती व पाणी समितीचं काम, राहणार ओढ्याकाठचं शेवटचं घर. ठाण्यात बोलावल्यावरून आले आणि स्वखुशीने सांगते की,

माझे धाकटे दीर शेजारच्या घरात सासूबाईंसोबत राहतात. आपल्या बोअरवेलच्या पंपाचा फ्यूज चोरीला गेल्याची तक्रार त्यांनी काल दिली आहे. तो फ्यूज माझ्याकडे आहे.

आमच्या ओढ्यात पांढरा रंग दिलेला एक दगड आहे. तो कोरडा पडला की प्रत्येकाने आपल्या पंपाचा एक फ्यूज काढून माझ्याकडच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायला द्यायचा आणि सामाईक तळ्यातून पाळीने पाणी घ्यायचं, असं सर्वांनी बैठकीत ठरवलं आहे. दगड बुडला की फ्यूज परत. बोअरवेलचं आणि ओढ्याचं पाणी जमिनीखाली एकच आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही उपसतच राहिलो. ओढ्याची डबकी झाली, मासे मेले, डासांच्या अळ्या खायला कोणी उरलं नाही. त्या वर्षी या ठाण्यातले अर्धे कर्मचारी तापाने झोपले होते, हे साहेबांना आठवत असेल. (आठवत असल्याचे साहेबांनी सांगितले.)

यंदा दगड कोरडा पडल्यावर सगळ्यांनी फ्यूज दिले. दीर तेवढे राहिले. “वहिनी, माझी भोपळी मिरची तुमच्या दगडाला विचारून वाढत नाही,” असं ते म्हणाले. मी म्हटलं, “भाऊजी, तुमचा पंप सुरू झाला की बाकीचे संध्याकाळपर्यंत फ्यूज परत मागायला माझ्या दारात. मग डब्यात पुन्हा बिस्किटंच ठेवू.”

काल सकाळी सासूबाई रुमालात गुंडाळून फ्यूज घेऊन आल्या. तो दिरांनी आपणहून दिला का, हे मी विचारलं नाही. का नाही विचारलं, असं हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, उत्तर त्यांच्या चेहऱ्यावरच होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मेन स्विच बंद करून काढलाय. तो शोधत आला तर चहा दे त्याला, रिकाम्या पोटी निघालाय.”

दीर माझ्याकडे आले नाहीत, इथे आले.

सासूबाई सध्या ठाण्याच्या बाकावर विणकाम करत बसल्या आहेत. हवालदारांनी दिरांना विचारलं, “मग आईवर गुन्हा नोंदवायचा का?” सासूबाई सुया न थांबवता म्हणाल्या, “नोंदव रे बाबा. फक्त वय विचारून लिही, उगाच वाढवू नकोस.” दीर माझ्याकडे वळले. म्हणाले, “आणि मिरचीचं काय?” मी म्हटलं, “उद्याची पाळी माझी आहे, ती तुम्ही घ्या. माझा भाजीपाला थांबेल एक दिवस.” सासूबाईंच्या सुया थांबल्या.

मी सोबत आणलेला फ्यूजचा डबा मुद्देमाल म्हणून जमा करण्यास माझी हरकत आहे. उद्या दगड बुडला तर सगळ्या गावाने ठाण्यात रांग लावायची का? यावर साहेब हसले. हे लिहू नये, असं साहेबांनी सांगितलं.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. एका ठिकाणी ‘संशयित’ होतं, तिथे ‘सासूबाई’ करून घेतलं. डबा माझ्या ताब्यात परत मिळाला. आतले फ्यूज तपासून घेतले, एक जास्त आहे. दिरांनी आज सकाळी पंपाला बसवायला दुकानातून नवा आणला होता. तो त्यांनी शर्टाच्या खिशातून काढून स्वतःच्या हाताने डब्यात टाकला.