हल्ली मुक्काम

मी धारूरची, नाव शिवकांता, पन समदे कांताच म्हनतात. किल्ल्याच्या वाटंला आमचं भांड्याचं दुकान हाय, त्याच्याच मागच्या खोलीत माझा जल्म झाला. अण्णा, म्हंजी मपले वडील, भांडं इकलं की त्याच्यावर नाव कोरून द्यायचे, देनाराचं, घेनाराचं, गावाचं. त्यांचं अक्षर तुमी बगा सर, लई सुरेख. मी सातवी शिकले. आठवीला कावून घातलं न्हाई ते कुनी इचारलं न्हाई, मीबी न्हाई.

अण्णांची एक वही हाय, पत्त्याची. कुनाच्या घरी लगीन निघालं की लोक पत्रिका घेऊन दुकानात येतात, अण्णा, वही काढा. त्यात कसं लिवलेलं आसतंय, रा. धारूर, ह.मु. लातूर. रा. म्हंजी राहनार, ते काय बदलत न्हाई. ह.मु. म्हंजी हल्ली मुक्काम, पोटापान्यासाठी मानूस जिथं पडलंय तिथला पत्ता, तो आज एक तर उद्या दुसरा. माझं लगीन युसूफ वडगावला झालं, रिवाजानं माझं रा. तिकडचं व्हायला पायजे, तर अण्णांनी लिवलं, रा. धारूर, ह.मु. युसूफ वडगाव. आमचे मालक म्हनले, मामा, लेक दिली का उसनी दिली?

आता अमेरिकेचं सांगते. नणंद माझी तिकडं नर्स हाय, तिनं भावासाठी अर्ज केलता. अर्ज केला तवा मपली पल्लवी पोटात व्हती, नंबर लागला तवा ती सहावीत गेलती, म्हंजी बगा. आदी नणंदेच्या घरी ऱ्हायलो, मग रस्त्याकडच्या एका लॉजात काम मिळालं, आमचे मालक दारात गिऱ्हाइकाला आन मी खोल्यांच्या चादरी बदलायला. ऱ्हायला मागं एक खोली दिलती, सात म्हैने तिथं काढले. मग ओहायोत भाड्याचं घर. दर बारीला सामान उतरलं की मी त्याच दिवशी धारूरला फोन लावायचे, अण्णा, लिवा. अण्णा जुनी वळ खोडून खाली नवी लिवायचे, आन बाजूला तारीख, न्हाईतर सण.

आन मग मायला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी आले धावत. पन काय सांगू तुमाला, ग्रीन कार्डाला म्हनतात कायमचं ऱ्हायचं कार्ड, पन ते कायमचं तिकडं ऱ्हायचं, भायेर न्हाई. सहा म्हैन्याच्या वर गेलं की इचारतात, कुटं व्हता, कावून व्हता. मी पाच म्हैने ऱ्हायले आन निघाले, तर मायनं डाव्या हातानं मपला पदर धरला, सोडना. येक येक बोट सोडवलं मी सर, मपल्या हातानं. आजूनबी आठवलं की जीव तुटतो. ईमानात ठरवलं, तिकडचं नागरिक व्हायचं, म्हंजी मग मायपाशी वरीसभर बसले तरी कोन इचारनार न्हाई.

अर्ज भरला. त्यात इचारलं, पाच वर्सात कुटं कुटं ऱ्हायला ते समदं लिवा. मी नणंदेचं लिवलं, ओहायोचं लिवलं. लॉजातली खोली न्हाई लिवली. ते काय घर व्हतं का, मुक्काम व्हता, मुक्कामाचा कुटं पत्ता आसतोय? आन वरून काय झालं, अर्ज टाकला आन मालकाला टेक्सासला बरं काम लागलं, आमी निघालो. पोष्टात सांगितलं, नणंदेला सांगितलं, अण्णांना तर त्याच दिवशी, अण्णा, लिवा. फकत जिथं अर्ज दिला त्या हापिसालाच सांगायचं ऱ्हायलं! दहा दिवसात सांगायचं आसतंय म्हनं. मुलाखतीचं पत्र गेलं जुन्या दाराला, तसलं सरकारी पत्र पोष्ट म्होरं धाडत न्हाई म्हनं, मी गेले न्हाई म्हनून फाईल बंद.

मालक म्हनले, ऱ्हाऊ दे आता, हातचं कार्डबी जाईल. मी म्हनलं, मायनं पदर तुमचा धरलता का मपला? पल्लवीनं पत्र लिवलं, चूक झाली, नवा पत्ता हा, फाईल उघडा. उघडली बगा. दुसरी तारीख आली, ह्या बारीला टेक्सासच्या हापिसात. पल्लवी म्हनली, मम्मी, आता तारखा नीट जुळवू, आजोबांना वहीचा फोटू पाठवायला सांग. फोटू आला. एका जागी श्रावणातला दुसरा सोमवार, एका जागी धाकटी दिवाळी, पोरीनं कॅलेंडर धुंडून तारखा काढल्या. आन मग इचारलं, मम्मी, ही लॉजची वळ फॉर्मात कुटं हाय? मालक म्हनले गप ऱ्हा, त्यांना काय कळतंय. मी म्हनलं, अण्णांनी लिवलंय ते मी झाकू?

कपाळाला इबूत लावून गेले. साहेब तरनाच व्हता. त्यांच्या देशाचे सवाल केले, ते मी चादरी घड्या घालता घालता पाठ केलते, लागतील तेवढे पटापट सांगितले. मग पत्ते आले. मी म्हनलं, सर, वन मिसिंग. त्याचा पेन थांबला. कावून लपवलं? मी म्हनलं, नो होम, सर, मुक्काम. व्हॉट इज मुक्काम? आता काय सांगावं, इंग्रजी सरली. पिशवीतून अण्णांच्या वहीचा कागद काढला, शेजारी पोरीनं इंग्रजीत लिवलेलं. तो बगतच ऱ्हायला. माझं नाव, खोडलेल्या वळी, एकाखाली एक, तारखा. म्हनला, कोनी लिवलं? माय फादर. म्हनला, माझ्या बापालाबी माझे इतके पत्ते ठाव न्हाईत. आन लाल पेन घेऊन फॉर्मात लॉजाचा पत्ता लिवला, बाजूला मपली सही घेतली, आन उठून हात म्होरं केला. पास! सातवी पास कांता तिथं पास झाली, सर!

शपथ झाली. हिकडचा पासपोर्ट परत द्यायच्या दिशी मात्र मी रडले, खोटं कावून बोलू. पन मग परदेशातल्या भारतीयाचं कार्ड मिळालं, किती दिवस बी ऱ्हावा. आता हितं येऊन नऊ म्हैने झाले, मायला मीच भरवते. परवा ती मला कां म्हनली, कांताचं अर्धंच, पन म्हनली.

आले त्या दिशी अण्णांनी वही काढली, म्हनले, माझा हात कापतोय, तूच लिव. मी टेक्सास खोडलं आन लिवलं, रा. अमेरिका, ह.मु. धारूर. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आन लई हसले, म्हनले, परदेशी झालीस तवा कुटं घरी ऱ्हायला मिळालं गं तुला. माय आजूनबी पदर धरती. धरू दे म्हनलं, मला कुटं जायचंय. तुमाला लेक हाय ना सर? सुखात ऱ्हावो ती जिथं आसंल तिथं. तिचा पत्ता तेवढा लिवून ठिवा, तारखेसकट.