वाळूची नोंद

सूनबाई : आज परत छापखान्यातून फोन होता. तुम्ही उचलत नाही म्हणून माझ्या ऑफिसात केला त्यांनी, बाबा.

बाबा : सांगायचं ना, म्हातारा झोपलाय म्हणून.

सूनबाई : भर दुपारी?

बाबा : म्हातारे दुपारीच झोपतात.

सूनबाई : तुम्ही नाही झोपत. शब्दकोशाचा अख्खा खंड जुळवून तयार आहे म्हणाले, शेवटच्या पानासाठी मशीन थांबलंय. "तेवढी वाळू पाठवा" म्हणाले. जशी काही मी पोतंभर पाठवणार आहे.

बाबा : काही संदर्भ बघायचेत अजून.

सूनबाई : कसले संदर्भ? पुस्तकांच्या चळतीमागे तुम्ही मला दिसतसुद्धा नाही. मी लॅपटॉप घेऊन बसलेय. रोजच्यासारखं तुम्ही सांगा, मी टाइप करते.

बाबा : दमून आलीस. आधी जेवून घेऊ.

सूनबाई : जेवलो की तुम्ही बातम्या लावता आणि खुर्चीतच डुलक्या घेता. आत्ता.

बाबा : बरं, घे. वाळू. नाम, स्त्रीलिंगी. संस्कृत 'वालुका'वरून.

सूनबाई : झालं. पुढे?

बाबा : तो लहानपणी म्हणायचा, वाळलेली असते म्हणून वाळू.

सूनबाई : हे मला नव्हतं माहीत.

बाबा : एवढासा होता. पायरीवर बसून मला व्युत्पत्ती शिकवत होता. मी म्हटलं, अरे असं नसतं, वालुका हा मूळ शब्द. तर म्हणतो, मग ओल्या वाळूला ओळू म्हणा.

सूनबाई : (हसत) ओळू!

बाबा : त्याच्या आईने तो शब्द पुढे कितीतरी वर्षं वापरला. मी कोशवाला माणूस, माझ्याच घरात ओळू.

सूनबाई : रेती घालायची ना?

बाबा : हो. समानार्थी, रेती. जाडसर असेल तर विशेषकरून. समुद्रकाठची असेल तर पुळण. गंमत बघ, 'वाळवंट : वाळूचा विस्तीर्ण प्रदेश' असं आपण मागेच लिहून बसलोय. आणि वाळू म्हणजे काय, ते कोशातच नाही.

सूनबाई : म्हणजे वाचणाऱ्याला वाळवंटात सोडून तुम्ही घरी आलात.

बाबा : घर तरी कुठे वेगळं आहे.

सूनबाई : बाबा, 'वाळीत टाकणं' म्हणतात, त्यातली वाळी हीच का?

बाबा : नाही, ती निराळी. का गं?

सूनबाई : सहज. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. मला बघितलं आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. दोन वर्षं झाली, तरी माझ्याशी काय बोलावं ते अजून त्यांना सुचत नाही.

बाबा : माझे मित्र हवामानावर बोलतात. इतकं हवामान मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

सूनबाई : चला, अर्थ सांगा.

बाबा : खडक झिजून, फुटून झालेला सुट्या कणांचा चुरा. एकमेकांना न धरणारे कण... हे दुसरं नको लिहूस.

सूनबाई : लिहिलं. खरं आहे ते. उपयोग?

बाबा : काच करायला. ओतकामाच्या साच्यांना. पाणी गाळायला. आग विझवायला बादल्यांतून भरून ठेवतात.

सूनबाई : आणि?

बाबा : झाले.

सूनबाई : बांधकाम राहिलं, बाबा.

बाबा : इतके पुरेत.

सूनबाई : शेंबड्या पोरालाही माहीत असतं ते. कोश उघडणारा काय म्हणेल?

बाबा : म्हणू दे काय म्हणायचं ते! 'बांधकामास उपयुक्त' असं माझ्या तोंडून निघत नाही. पुलाच्या पायासाठी खड्डा खणला, माझा पोरगा माप घ्यायला खाली उतरला आणि हीच वाळू कडेने अंगावर आली. मी कसं म्हणू उपयुक्त? गेले कितीतरी दिवस तिथपर्यंत येतो आणि पेन खाली ठेवतो.

सूनबाई : मी त्या पुलावरून रोज जाते.

बाबा : त्या पुलावरून?

सूनबाई : ऑफिसला जायला दुसरी बस नाही. पूल सुरू झाला तेव्हा मी डोळे मिटून बसायचे. मग एकदा उघडले. खाली पाणी असतं. शाळेची मुलं चालत जातात कडेने, कठड्यावर हात फिरवत.

बाबा : कधी बोलली नाहीस.

सूनबाई : तुम्ही लांबच्या रस्त्याने जाता, ते मला दिसतं. मग काय बोलणार? आणि त्या वाळूची माझी तर रोजची गाठ होती. पँटच्या दुमडीतून भरून आणायचा. बाथरूमभर व्हायची. कपड्यांच्या मशीनच्या जाळीत अजून कधीमधी दोन-चार कण सापडतात. आता त्यात साड्या आणि तुमचे सदरे असतात. येतात कुठून कोण जाणे.

बाबा : मग काय करतेस त्यांचं?

सूनबाई : काही नाही. जाळी तशीच परत लावते.

बाबा : मशीन तू घेऊन जा बदलीच्या गावी. मी धुवीन हाताने.

सूनबाई : त्या खोलीत मशीनला जागा नाही. आणि विषय बदलू नका. मला एक खरं सांगा. हा शब्द तुम्ही त्याच्यापायी अडवलाय की माझ्यापायी?

बाबा : तुझा काय संबंध?

सूनबाई : बदली झाली तेव्हा मीच म्हटलं होतं, हा खंड पुरा करून जाते. आता निघणं रविवारवर आलं. बॅगा भरून झाल्या आणि वाळू काही हलत नाही.

बाबा : आधी त्याच्यापायीच अडला होता. तुझी बदली कळल्यावर मीही फारसा जोर लावला नाही.

सूनबाई : सरळ म्हणायचं होतं, जाऊ नकोस.

बाबा : तू थांबली असतीस. म्हणून नाही म्हटलं.

सूनबाई : अजून म्हणा. मी साहेबांशी बोलते.

बाबा : अजिबात नाही. अगं, तुझं वय काय, माझं काय! रोज संध्याकाळी एका म्हाताऱ्यासमोर बसून शब्द बडवतेस. तिकडे नवी माणसं असतील. त्यांना तुझं काहीच माहीत नसेल. तुला बघून कुणी पर्स उघडणार नाही.

सूनबाई : आणि इथे तुमच्यासमोर कोण बसणार?

बाबा : बघू. कोशाच्या ऑफिसातून कुणीतरी पाठवतील, नाहीतर मी हाताने लिहीन. पूर्वी लिहीतच होतो. तू आधी घाल, 'बांधकामास उपयुक्त'.

सूनबाई : नक्की?

बाबा : मुलं चालत जातात म्हणालीस ना. घाल.

सूनबाई : घातलं. आता तिच्याबरोबर येणारी क्रियापदं. उपसणे, चाळणे, पसरणे...

बाबा : ढासळणे.

सूनबाई : ते नसलं तरी चालेल, बाबा.

बाबा : नाही चालणार. वाळू ढासळते. वाक्यही दे, 'कडेची वाळू अचानक ढासळली.'

सूनबाई : एवढंच?

बाबा : एवढंच.

सूनबाई : त्यात तो कुठेच नाही.

बाबा : लोकांना शब्द कळला की पुरे. तो आपला आहे.

सूनबाई : घातलं वाक्य.

बाबा : पूस ते डोळे, स्क्रीन दिसायची नाही. आणि मलाही त्या डब्यातला कागदी रुमाल दे.

सूनबाई : घ्या. आता एकच शब्द राहिला. वाळूक. हे काय असतं?

बाबा : काकडीची एक जात. तू खाल्लं नसशील.

सूनबाई : नाव पहिल्यांदाच ऐकतेय.

बाबा : उद्या सकाळी मंडईत बघतो. मोठं असतं, एकट्याला काही संपत नाही. तू आहेस तोवर खाऊन टाकू.