जप्तीनंतरची सात वर्षं

बँकेत माझा नंबर यायचा होता. कर्जवाल्या मॅडमच्या केबिनमधून एक नवराबायको बाहेर आले आणि माझ्याच बाकावर टेकले.

"अहो, काय म्हणाल्या त्या? परत सांगा बरं."

"सात वर्षं झाली की घरजप्तीची नोंद आपल्या कर्जाच्या रेकॉर्डवरून आपोआप निघून जाते. आपली गेल्या वर्षीच निघाली."

"म्हणजे वर्षभर आपण उगाच या बँकेला वळसा घालून जात होतो?"

"मला वाटलं, मरेपर्यंत राहते."

"वाटलं म्हणे! विचारायला काय झालं होतं?"

"कुठल्या तोंडाने विचारणार?"

"बरं, नव्या घराला कर्ज मिळेल ना?"

"अर्ज करा म्हणाल्या. हसून म्हणाल्या."

"हसून? मग मिळालंच समजा."

"अगं, रडतेस कशाला? लोक बघतायत."

"बघू देत. जप्तीच्या दिवशी सगळी गल्ली बघत होती, तेव्हा कुठे रडले?"

"तेव्हा तू माझ्यावर ओरडत होतीस."

"मग काय आरती ओवाळू? बँकेने आपल्या दाराचं कुलूप बदलायला माणूस बोलावला, आणि आलं कोण? तुम्हीच! हत्यारांची पिशवी घेऊन!"

"गावात कुलूपवाला मी एकटाच. बाहेरच्याने दाराची पार वाट लावली असती."

"दार कुणाचं राहिलं होतं तेव्हा?"

"दार बँकेचं, पण हात माझा होता ना."

"बरं बाई. नव्या घराचं कुलूपही तुम्हीच बसवा."

"बसवणारच. चांगलं दणकट."

"बसवा. फक्त या वेळी किल्ली माझ्या हातात द्या."