इंजिन मागे होते

मी, सौ. जयंती विद्याधर खांबेटे, धंदा प्राथमिक शिक्षिका, वय ४१, राहणार मुलुंड पूर्व, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती विद्याधर यांच्यासह राहते. ते विमा कचेरीत कारकून आहेत. त्यांच्या मालकीचे वाहन म्हणजे एक सायकल.

पतींना लॅम्बोर्गिनी या इटालियन गाडीची संपूर्ण माहिती आहे. घरात रॉकेल कुठे ठेवतात, याची नाही. कंपनीचा संस्थापक आधी ट्रॅक्टर बनवत असे, निशाणीवर बैल का, दारे वर कशी उघडतात, हे आमच्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ऐकावे लागते. देवघराशेजारी तिचे चित्र लावले आहे. आमच्या लग्नाचा फोटो कपाटात आहे.

तळमजल्यावरचे फिर्यादी चंद्रप्रकाश खन्ना सिनेमांना पैसा पुरवतात. त्यांनी गेल्या महिन्यात तीच गाडी आणली. गेटजवळच्या गटाराच्या फरशीला तिचे पोट घासते, म्हणून ती कंपाउंडातच असते. पती कामावर जाताना तिचा निरोप घेऊन जातात. माझा घेतातच असे नाही.

दसऱ्याला सकाळी सोसायटीच्या स्कूटरी व सदर गाडी पूजेसाठी उभ्या होत्या. भटजी आले नाहीत. फिर्यादींनी पूजा पतींना सांगितली. शेजारच्या प्रेमाबाई पुढच्या झाकणाला कुंकू लावू लागल्या, तेव्हा पती म्हणाले, "तिथे नुसती बॅग ठेवतात हो. इंजिन मागे आहे. पूजा यंत्राची करायची की बॅगेची?" एवढ्या ज्ञानापुढे कोण बोलणार? पतींनी नारळ फोडून पाणी मागच्या जाळीतून थेट यंत्रावर सोडले. फिर्यादींनी स्वतः हात जोडले होते. नंतर त्यांनी किल्ली फिरवली आणि धूर निघाला.

पतींनी जळफळाटाने मुद्दाम नुकसान केले, असे फिर्यादींचे म्हणणे आहे. तेव्हापासून पती येथे बाकावर उपाशी बसले आहेत. मी डबा आणला आहे.

साहेबांनी हेतू विचारला, म्हणून सांगते. लग्नाला अठरा वर्षे झाली. पती गजरा आणून माझ्या हातात देतात, केसांत कधी माळला नाही. त्या गाडीला हार घालताना मात्र त्यांचे हात थरथरत होते. मी शेजारीच उभी होते. वाकडे करायला आलेला माणूस असा थरथरत नाही. मला राग आलेला आहे, पण त्यांना घरी सोडावे.

जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. गजऱ्याचे वाक्य प्रकरणाशी संबंधित नाही, गाळू का, असे हवालदारांनी विचारले. गाळू नये. तेवढे वाक्य बाकावर बसलेल्या पतींनाही वाचून दाखवावे, ही विनंती. बाकी सर्व मी सांगितले तसेच व खरे आहे.