हार्लनची पाटी

चर्चच्या हॉलबाहेर मतदानाची रांग होती. पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं मार्सीला ऐकायचं नव्हतं, पण कान काही बंद करता येत नाहीत.

"आर्लीन, सकाळी इथं शेजारी तुझ्या अंगणात मोजायची टेप घेऊन कोण आलं होतं गं?"

"निवडणुकीचा माणूस. या दारापासून शंभर फुटांत प्रचाराची पाटी नको म्हणे. आमच्या हार्लनची सात फूट आत निघाली."

"अंगण तुझं नि हुकूम त्याचा? आणि तुझी पाटी?"

"ती शंभर फुटांपलीकडे आहे. चालते म्हणाला."

"मग हार्लनची उपटून मागे ठोकायची."

"जुलैत काठी टेकत टेकत स्वतः ठोकलीये त्यानं. ऑगस्टात गेला. मी कशी उपटू?"

"अगं, पण तू त्याच्या विरुद्ध पक्षाची!"

"एक्केचाळीस वर्षं. दर निवडणुकीला त्याचं मत माझं खोडायचं, माझं त्याचं. मग घरी जाऊन पॅनकेक."

"मग केलंस काय?"

"दोन्ही उपटल्या. गॅरेजात एकमेकींना टेकवून ठेवल्यात."

"तुझी कशाला?"

"काय माहीत बाई."

"जाऊ दे. आज तुझं मत खोडायला कोणी नाही, हे बघ."

"तेच तर गं."

रांग सरकली. आर्लीन मार्सीकडे वळली.

"पोरी, तू हो पुढे."