पावाची गरम कड

...नाही, पण मला एक सांगा, चालतं घड्याळ कुणी खोलून बसतं का? मी घड्याळजी आहे, मला कळतं. चालतंय ना, मग हात लावायचा नाही. पण आमची मेहुणी! आली, सोफ्यावर बसली, माझं पोट गुरगुरलेलं तिनं ऐकलं आणि फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "भाऊजी, ग्लुटेन." म्हटलं, हे आणखी कोण? तर म्हणे गव्हात असतं, चिकट असतं, एकदा आत शिरलं की बाहेर निघत नाही. आता आठ दिवसांसाठी म्हणून येऊन महिनाभर आमच्याकडे मुक्काम ठोकलेली ही बाई मला हे सांगतेय... पण मेहुणी पडली, बोलता येत नाही.

झालं, दुसऱ्या दिवसापासून गहू बंद. पाव, बिस्किटं, केक, सगळं बंद. डॉक्टरांना विचारू या म्हटलं तर बायको म्हणाली, "घरात एवढं कळणारं माणूस असताना बाहेर कशाला?"

आता माझं दुखणं समजून घ्या. माझं दुकान आणि बेकरी यांच्यात एकच भिंत, तीसुद्धा कायम गरम. सकाळी पहिले पाव निघाले की आमचा पाववाला त्यातल्या एकाची कड कापायचा, वर लोण्याचा थर द्यायचा आणि काउंटरवरून हात लांब करून म्हणायचा, "घ्या घड्याळजी, तुमचा वाटा." वर्षानुवर्षं! बाहेरून कुरकुरीत, आतून वाफ, लोणी मनगटापर्यंत ओघळतंय... त्याशिवाय माझा दिवस उगवायचाच नाही. गहू सोडला म्हटल्यावर बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या पावात काही निघालं का?"

आणि घरी काय, तर तांदळाच्या पिठाचा पाव. तुम्हाला सांगतो, चावला की भुगा, गिळला की गोळा आणि उरला की वीट. पण गुरगुर थांबली हो! मेहुणी अशी मिरवली, जणू ऑपरेशनच केलंय. पोटाचं भलं झालं, पण माझं काय?

वर्ष काढलं. भिंतीला पाठ लावून, वास घेत. शेवटी बायकोला न सांगता डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "गहू कुणी बंद केला?"

"मेहुणीनं."

"त्या काय करतात?"

"आमच्याकडे राहतात."

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अहो, आधी तपासणी करायची असते, मग गहू सोडायचा. सोडल्यावर रक्तात काय दिसणार? आता दीड महिना रोज पाव खा, मग या." मी खुर्चीतून उठलो तो थेट बेकरीत!

पाववाल्यानं चार गिऱ्हाइकं थांबवली. पहिल्या पावाची कड, लोणी दुप्पट, आणि स्वतः माझ्या तोंडाकडे बघत उभा. मी डोळे मिटले, घास घेतला... आणि काहीच नाही. हो, काहीच नाही! नुसतं ओलं, चिकट, गरम पुठ्ठा चावल्यासारखं. वाटलं, याचा हात बिघडला. तर बाकीचे मिटक्या मारतायत. म्हणजे बिघडली ती माझी जीभ. खरंच रडू आलं मला. वर्षभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर आलं आणि ओळखच देईना. पाववाल्याला वाटलं आनंदाचे अश्रू. त्याचेही डोळे भरले. "आणखी एक घ्या," म्हणाला. नाही कसं म्हणणार? घेतली.

घरी बिस्किट खाऊन बघितलं, खडू. केक खाल्ला, साखर लावलेला स्पंज. आणि जीभ मागतेय काय? ती तांदळाची वीट! बायको बाजारात गेली की मी डब्यातला भुगा चोरून खातो. या वयात! पोटाचं जाऊ द्या, पण माझं काय?

रिपोर्ट आला, अगदी साफ. "गव्हाचं तुम्हाला काही वावडं नाही," बाई म्हणाल्या. पूर्वी सकाळी काय खायचात म्हणून विचारलं, तर मी पाववाल्याकडचा माझा वाटा सांगितला.

"मग माझं पोट बरं कशानं झालं?"

"उपाशीपोटी मूठभर लोणी खायचं थांबलं म्हणून."

लोणी! ज्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं! घरी सांगितलं तर मेहुणी म्हणते, "मला शंका होतीच." अजून आमच्याकडेच आहे ती.

पाववाल्याला मात्र केवढा आनंद. आता रोज दोन कडा, लोण्यावर लोणी, वर म्हणतो, "गेल्या वर्षाची भरपाई, घड्याळजी." लोणी जरा कमी म्हटलं तर जेवलाच नाही दुपारी. मग काय, रोज हात लांब होतो आणि मी खातो. चव नाही ती नाही, आणि गुरगुर अशी, की गिऱ्हाईक विचारतं, हे कुठलं घड्याळ?

आज परत गेलो बाईंकडे. हात जोडले. म्हटलं, "बाई, कृपा करा, मला गहू बंद करा. चिठ्ठी लिहून द्या, दुकानात लावतो."

त्या म्हणाल्या, "अहो, पण तुम्हाला झालंय काय? आजार कुठला लिहू?"

म्हटलं, "शेजारी."