सकाळची कंबर

— बोलू नका काका, श्वास तसाच आत धरून ठेवा, हूक आत्ता कुठे काजाजवळ आलाय. बोललात की सुटेल. काही सांगायचं असलं तर डोळ्यांनी सांगा. हां, असे आरशाकडे तोंड करून उभे राहा, मी बाजूची शिवण खडूनं आखून घेतो — कळलं, कळलं, भुवया वर करू नका, तुम्हाला काय म्हणायचंय ते कळलं मला. परवा संध्याकाळी माप घेतलं आणि आज सकाळी पँट कमरेला येत नाही. पोरीच्या लग्नात बापाची पँट, शिवणारा खुद्द होणारा जावई, आणि जावयाला टेप धरता येत नाही. असंच ना? पण माप बरोबर होतं काका. एरवी मी एवढं बोलत नाही, तुमच्या घरी आलो तेव्हा अख्खा वेळ कपातच बघत बसलो होतो, तुम्ही बघितलंत. पण कामावर कुणी बोट ठेवलं की राहवत नाही. शाळा सातवीत सोडली, तेव्हापासून हातात कात्री, जगात एवढं एकच येतं मला, आणि तेही येत नाही असं तुमच्यासारख्यानं धरून चालायचं — नाही, नाही. चूक माझी नाही, चूक कमरेची. खांदा बदलत नाही, बाही बदलत नाही, पण कंबर भारी लबाड. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. सगळ्यांची नाही म्हणत मी. काहींची. उदाहरणार्थ माझी.

हसू येतंय? मिशी हलतेय तुमची. ऐका तर. माझी लग्नातली पँट मी सकाळी स्वतःचं माप घेऊन बेतली, झक्क शिवली, संध्याकाळी घालून आईला दाखवायला गेलो — दोन पावलं टाकली नि पँट जमिनीवर. आई हातातला डाव घेऊन तशीच खाली बसली हसत. म्हणाली, बाळा, लग्नात माणसाला दोन्ही हात मोकळे लागतात रे. आता सकाळी कंबर का वाढते म्हणाल तर — काही नाही, हवा असते. पोटात. म्हणजे — अर्धं सांगितलं तर तुम्हाला वाटेल पोटात काहीतरी भलतंच आहे, मग पूर्णच सांगतो. झोपेत माझा श्वास अडायचा. घोरता घोरता एकदम बंद. आई उठून नाकाखाली बोट धरून बघायची, पोरगा आहे का गेला. आणि दिवसा इथे बसल्या बसल्या डुलक्या. एकदा असा डोळा लागला की गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तराला माझ्याच शर्टाची बाही शिवून बसलो. गिऱ्हाइकानं कोट उचलला, त्याच्याबरोबर मीही उठलो.

मग डॉक्टरांनी मशीन दिलं. नाकावर मास्क, गालांवरून त्याचे पट्टे, मास्कला नळी, नळीतून रात्रभर हवा. झोप अशी लागली की पहिल्या रात्री आईलाच झोप येईना, घर एवढं गप्प कसं म्हणून. पण ती हवा — सगळी सरळ छातीत जाईल तर शपथ. वाट चुकून निम्मी पोटात उतरायची. सकाळी पोट ढोल, वाजवलं तर वाजेल. ढेकर सुरू झाले की शेजारची खिडकी लागायची. आणि ढेकरांचं एक बरं, ती हवा वरनं जाते. उरलेली — तुम्ही वडीलधारे, तुम्हाला कसं सांगू — ते कोपऱ्यातलं पायडलचं जुनं शिलाई मशीन बघताय ना, खडखड करणारं डबडं? सकाळची सगळी शिलाई मी त्याच्यावर करतो. एवढंच सांगतो. बाकी समजून घ्या.

आणि मी काय गप्प बसतोय? कारागीर ना मी. म्हटलं, तोंड उघडं राहत असेल. रुंद इलॅस्टिक घेतलं, हनुवटीखालून डोक्यावर पट्टा शिवला, डबल शिलाई. सकाळी आईकडे चहा मागता येईना, आणि पोट आणखी फुगलेलं. मग वाटलं, हवा कमी पडत असेल, वाढवू. वाढवली. अहो काका, त्या दिवशी मी टेबलाखाली पडलेली रीळ उचलायला वाकू शकलो नाही. शेवटी लाज गुंडाळून दवाखान्यातल्या मशीनवाल्या बाईंकडे गेलो. बाहेर ही रांग, मी कुजबुजत सांगतोय, आणि बाई म्हणतात, जरा मोठ्यानं. सांगितलं मोठ्यानं. हसल्या नाहीत हं. म्हणाल्या, हे पुष्कळांना होतं, पहिल्याच दिवशी यायचं ना, आणि आपल्या मनानं दाब कुणी वाढवायला सांगितला? डॉक्टरांना विचारून दाब खाली आणला, मास्क नीट बसवून दिला, डोकं जरा उंच ठेवा म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोपून बघा. आता बरंच कमी आहे. सगळं गेलं नाही, पण रीळ उचलता येते.

आई म्हणते, लग्न लागेपर्यंत अवाक्षर काढू नकोस, मास्क लावला की हत्तीचं पिल्लू दिसतोस, पोरगी उलट्या पावली जाईल. आणि मी सांगितलं कुणाला? तुम्हाला. वा. — नाही, श्वास धरा, रागानं सोडू नका. मी तिला सांगणारच होतो काका. रोज उठून ठरवतो. त्या सकाळी पहिल्याच भेटीत तुम्ही आम्हाला दोघांना गच्चीवर पाठवलंत, तेव्हाही जिभेच्या टोकावर होतं. पण आधी तिनंच विचारलं. कमाई नाही, शिक्षण नाही — विचारलं काय, तर तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता? माझे कान असे तापले, त्यांच्यावर इस्त्री झाली असती. डाव्या, म्हणालो. तर खुदकन हसली, जिना उतरून पळाली, आणि खालून होकार. तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नाहीत, काल एकाच पँटला तीन खिसे लावले. पण अजून कळलं नाही, डाव्या कुशीत तिला एवढं काय आवडलं. माझ्या डोळ्यांकडे तर बघतही नव्हती, सारखी आपली गालाकडे — जरा मान वर करा, शर्टाच्या कॉलरचं माप राहिलंच. अशी उजेडाकडे. हा वळ कसला? उशीचा? उशीचा वळ वाकडातिकडा पडतो काका. हा नाकापासून कानापर्यंत पट्टीनं आखल्यासारखा. आणि या बाजूलाही. थांबा, मी शेजारी उभा राहतो. बघा आरशात. माझा बघा, तुमचा बघा.

परवा आलात ते संध्याकाळी. आज उठल्या उठल्या सरळ इकडे.

काका, तुम्हीही डाव्या —? मान हलवू नका, हूक सुटेल. बरं, हलवा. हलवा हो. म्हणजे तिला तेव्हाच — गच्चीवरच — आणि तरी होकार? आणि तुम्ही मघापासून मिशीत हसताय, मी आपला इथे पट्टे, रिळा — हसू नका, टाचण्या टोचतील. हसा, जाऊ दे. शिवणीत भरपूर कापड सोडलंय मी, उसवून सकाळच्या कमरेला बसवून देतो, संध्याकाळी पट्टा लावा. सोडा आता श्वास, बाबा. सोडा — नाही, थांबा, एक क्षण धरा. आधी मी ते पायडलचं जुनं मशीन सुरू करतो.